पंप घेतला की साबांच्या छातीत धडधडतं : दम्याची औषधं आणि हृदय

लालबागची_सून

साबांना, म्हणजे सासूबाईंना, दमा जुना आहे, मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीचा. वय ६८. समोरची चाळ पाडून टॉवर उभा राहतोय, त्यामुळे खिडकी उघडली की सिमेंट आणि बंद केली की भिंतीची ओल. तरी इतकी वर्षं रोजचा फोराकोर्ट पंप आणि लागला तर निळा अस्थालिन पंप, यावर नीट चाललं होतं.

गणपतीनंतर त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) टाकला. घरी आल्यापासून धाप वाढली आहे. बसल्या बसल्याही मोठा श्वास घ्यावासा वाटतो म्हणतात. मग निळा पंप. थोड्या वेळाने परत निळा पंप. आणि पंप घेतला की हात थरथरतात, छातीत धडधडतं. त्यात शेजारच्या काकू सांगून गेल्या की पंपाने हार्ट वीक होतं, त्यांच्या नणंदेचं तसंच झालं. झालं! साबांनी दोन्ही पंप कपाटात टाकले. घरात डेरिफायलिन या दम्याच्या गोळीची जुनी पाकिटं होती, ती गोळी मात्र मनाने घेतात, "गोळी साधी असते" म्हणून.

हार्टचे डॉक्टर म्हणतात दम्याचं चेस्टवाल्यांना विचारा. चेस्टवाले म्हणतात आता स्टेंट आहे, हार्टवाल्यांना विचारून घ्या. मी मधल्या मधे. पंपाने खरंच हृदयाला धोका असतो का? कुणाच्या घरी दमा आणि हार्ट दोन्ही आहे का?

चकली_भाजणी

आधी काकूंना कपाटात ठेवा, पंप बाहेर काढा.

परळचा_केमिस्ट

काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. डॉक्टर मंडळी येईपर्यंत दोनच गोष्टी सांगतो.

निळा पंप आणि रोजचा पंप ही वेगळी औषधं आहेत. अस्थालिनमध्ये साल्ब्युटामॉल, एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम. पाचेक मिनिटांत श्वासनळी सैल करतं, चार ते सहा तास टिकतं, बस. सूज तशीच राहते. मेगाब्लॉकच्या रविवारी जादा बस सोडतात तसं आहे ते, प्रवास होतो पण रूळ दुरुस्त होत नाही. फोराकोर्टमध्ये ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड असतं, सुजेवरचं खरं औषध ते. पेशंट नेमका तोच पंप आधी बंद करतात, कारण घेतल्या घेतल्या 'काही जाणवत नाही'.

दुसरं, डेरिफायलिन मनाने देऊ नका. कृपा करून.

श्वासपुराण

मी छातीविकारतज्ज्ञ आहे. इथे कुणाचं प्रिस्क्रिप्शन लिहिणार नाही, पण औषध शरीरात काय करतं ते सांगायला हरकत नाही.

धडधड खरी आहे, साबांचा भ्रम नाही. आपल्या शरीरात ॲड्रेनलिनला प्रतिसाद देणारे जे रिसेप्टर आहेत त्यांचे अल्फा आणि बीटा असे गट १९४८ मध्ये आल्क्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने पाडले. पुढे बीटाचेही प्रकार निघाले. ढोबळ मानाने बीटा-१ हृदयात, बीटा-२ श्वासनळीत. १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल बाजारात आलं ते याच वाटणीच्या भरवशावर, की फुप्फुसावर काम करावं आणि हृदयाला फारसा हात लावू नये. पण निसर्ग इतका काटेकोर नसतो. हृदयातही बीटा-२ असतात, एकूण बीटांच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतके. शिवाय स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या या औषधाने सैलावतात, रक्तदाब किंचित उतरायला लागतो आणि तो सावरायला हृदय वेग वाढवतं. हाताची थरथरही हृदयाची नाही, स्नायूंतल्या बीटा-२ ची आहे. लोक थरथर आणि धडधड एकत्र आली की घाबरतात आणि घाबरल्याने ठोके आणखी वाढतात.

तिसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. साल्ब्युटामॉल रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं. एकदोन पफला त्याची फिकीर नाही. पण नेब्युलायझरमधून औषधाची वाफ वारंवार, जोडीला लघवीची गोळी, वरून स्टेरॉइडच्या गोळ्या असं एकत्र आलं की पोटॅशियम खरंच घसरतं, आणि पोटॅशियम घसरलेलं हृदय ठोके चुकवू शकतं. दम्याच्या अ‍ॅटॅकमध्ये ॲडमिट केल्यावर आम्ही रक्त तपासतो ते यासाठीही.

डोसचा हिशोब बघा. पंपाचा पफ १०० मायक्रोग्रॅम, नेब्युलायझरची नेहमीची मात्रा २.५ मिलिग्रॅम, म्हणजे कागदावर पंचवीसपट. त्यातलं बरंचसं हवेत आणि मास्कमध्ये जातं हे मान्य, तरी धडधडीच्या बहुतेक तक्रारी वाफेनंतरच्या असतात. आपल्याकडे मात्र पंप 'स्ट्राँग' आणि वाफ 'साधी', असा समज पक्का आहे.

आणि डेरिफायलिन. त्यात थिओफिलिन आणि त्याचंच भावंड एटोफिलिन. औषध जुनं, स्वस्त, काही पेशंटना उपयोगी. पण उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांच्यात फार अंतर नाही. रक्तात प्रमाण वाढलं की उलट्या, ठोके अनियमित, क्वचित झटके. सिप्रोफ्लॉक्सासिन, एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारखी अँटिबायोटिक्स सुरू असली तर त्याच गोळीचं प्रमाण रक्तात चढतं. नुकताच स्टेंट बसलेल्या बाईंनी हृदयाच्या भीतीने पंप टाकून ही गोळी मनाने घ्यावी हा उलटा न्याय झाला.

सूनबाई, मला एक सांगा. स्टेंटनंतर कोणकोणत्या गोळ्या सुरू झाल्या? सगळी नावं लिहा. माझी शंका पंपावर नाही.

घाटकोपर_घाटी

डॉक्टर, पण इतकं निर्धोक असतं तर न्यूझीलंडमध्ये पंपाने माणसं का मेली? मी वाचलंय. आणि अमेरिकेत डब्यावर काळ्या चौकटीत इशारा छापायचे. फार्मा कंपन्यांच्या विरोधात बोललं की लोक लगेच अडाणी ठरवतात.

चकली_भाजणी

@घाटकोपर_घाटी, अजून कुणी ठरवलं नाहीये हो.

श्वासपुराण

प्रश्न रास्त आहे, आणि वाचलंय तेही बरोबर. फक्त पूर्ण गोष्ट ऐका.

साल्ब्युटामॉलच्या आधी आयसोप्रिनलिनचे पंप होते. ते बीटा-१ आणि बीटा-२ दोन्हींवर सारखंच चालतं. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये त्याचा जास्त ताकदीचा पंप निघाला आणि दम्याने मरणाऱ्या तरुणांची संख्या एकदम वाढली. इशारे दिले गेले, खप उतरला, मृत्यूही उतरले. न्यूझीलंडमध्ये १९७६ च्या सुमारास तसंच पुन्हा झालं, तिथे औषध होतं फेनोटेरॉल. एका पफची मात्रा मोठी आणि हृदयावरचा परिणाम साल्ब्युटामॉलपेक्षा जास्त. १९८९ मध्ये तिथल्या संशोधकांनी आकडे छापले, त्यावर रणकंदन झालं, पण औषधाचा वापर कमी केल्यावर मृत्यू उतरले.

काळ्या चौकटीचं प्रकरण सालमेटेरॉलचं. हे बारा तास टिकणारं भावंड. अमेरिकेत २६ हजारांवर लोकांवर चाचणी झाली, २००३ मध्ये ती मधेच थांबवली. दम्यामुळे झालेले मृत्यू सालमेटेरॉलच्या गटात १३, दुसऱ्या गटात ३. आकडा लहान, पण फरक दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता. त्या चाचणीत निम्म्याहून जास्त लोक श्वासातलं स्टेरॉइड घेतच नव्हते. म्हणजे नळी उघडत होती, माणसाला बरं वाटत होतं आणि आत सूज वाढत होती. मग स्टेरॉइडसोबत एकाच पंपात या जातीचं औषध दिलं तर काय होतं, ते पाहायला चार मोठ्या चाचण्या झाल्या, एकत्र ४१ हजारांवर रुग्ण. गंभीर घटना वाढल्या नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकन औषध प्रशासनाने अशा जोडपंपांवरची ती चौकट काढली. सालमेटेरॉल एकट्याने घ्यायचं असेल तर इशारा राहिला.

त्यामुळे 'पंपाने माणसं मेली' यातलं बरंचसं मला असं दिसतं : सूज तशीच ठेवून नुसती नळी उघडत राहिलेली माणसं मेली. काही औषधं हृदयाला जडही होती, ती गेली. २०१९ पासून दम्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं मोठ्या माणसांना एकट्या निळ्या पंपावर ठेवूच नका म्हणतात. वर्षाला २०० पफचे तीन किंवा जास्त पंप संपत असतील तर दम्याच्या अ‍ॅटॅकचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक संपत असेल तर मृत्यूचा. माझ्या ओपीडीत महिन्याला एक संपवणारे पुष्कळ येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, माझा दमा कंट्रोलमध्ये आहे, फक्त जरा धडधडतं."

निसर्गाकडे_चला

मृगाला हैदराबादला जिवंत मासा गिळायला देतात, आमच्या आत्याला गुण आला. साइड इफेक्ट शून्य.

परळचा_केमिस्ट

माशाला विचारलं का?

पहाटेचा_धावपटू

अवांतर नाही, जवळचंच आहे. मला व्यायामाने होणारा दमा आहे. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी चालू आहे, पहाटे शिवाजी पार्क ते वरळी धावतो. या दिवसांत समुद्रावरून वारा नसला की हवा अंगावर बसते. धावण्याआधी पंधरा मिनिटं दोन पफ घेतो. घड्याळात सुरुवातीचे ठोके नेहमीपेक्षा जास्त दिसतात. धावायचं की नाही?

आणि एका मित्राने सांगितलं की अस्थालिन म्हणजे डोपिंग. तो स्वतः शर्यतीआधी प्रोटीनचे तीन डबे रिचवतो, ते वेगळं.

श्वासपुराण

श्वासातून घेतलेल्या साल्ब्युटामॉलला जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची मुभा आहे : २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि कुठल्याही आठ तासांत ६०० च्या वर नाही. तुमचे दोन पफ म्हणजे २००. सायकलपटू ख्रिस फ्रूमच्या लघवीत २०१७ च्या स्पेनच्या शर्यतीत मर्यादेपेक्षा जास्त सापडलं होतं, चौकशी होऊन २०१८ मध्ये तो सुटला.

ठोक्यांचं म्हणाल तर निरोगी तरुण हृदयाला दोन पफने फरक पडत नाही. धावताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा ठोके अडखळल्यासारखे वाटले तर तिथेच थांबायचं आणि ईसीजी काढायचा, पंपाला दोष देऊन पुढे धावायचं नाही. दर वेळी आधी पफ लागतोच असं असेल तर तुम्हालाही सूज उतरवणाऱ्या औषधाची गरज आहे का ते दाखवून घ्या. हवा वाईट असेल त्या दिवशी घरात दोरीच्या उड्या मारा.

नाना_गिरगावकर

माझा अनुभव उलट्या दिशेचा आहे, म्हणून लिहितो. पंपाने हृदयाला नाही, दुसऱ्याच औषधाने माझ्या दम्याला त्रास दिला.

काचबिंदूसाठी डोळ्यांत टाकायचे थेंब मिळाले, टिमोलोल. रात्री थेंब टाकून झोपायचो आणि पहाटे कोंडल्यासारखं व्हायचं. कोणालाही, मलाही, डोळ्यांचा आणि छातीचा संबंध असेल असं वाटलं नाही. जिथून थेंब लिहून दिले तिथे दमा आहे का हे कुणी विचारलं नव्हतं. पुढे आमच्या चेस्टवाल्यांनी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितली, अगदी मलमंसुद्धा, तेव्हा थेंबाची बाटली हातात घेऊन ते हसले. हे बीटा ब्लॉकर असतं म्हणे. पंप जी कडी काढतो तीच हे लावून ठेवतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब बदलून दिले आणि पहाट सुधारली.

पिशवी न्या, सूनबाई. कागद नको, पिशवी.

श्वासपुराण

नानांना अनुमोदन. यात आणखी एक नाव जोडा, प्रोप्रॅनोलॉल. मायग्रेन, हात थरथरणं, स्टेजची भीती, थायरॉइड यांसाठी ते सर्रास लिहिलं जातं आणि मित्रमैत्रिणींत वाटलंही जातं. दमेकऱ्याने ते घेऊ नये.

लालबागची_सून

नानांचं ऐकून सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या. ॲस्पिरिन, टिकाग्रेलोर दिवसातून दोनदा, मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, पित्ताची गोळी. खोकलाही आहे, कोरडा, घसा खवखवल्यासारखा. तो आम्ही दम्याचाच धरला होता. घरघर मात्र मला तरी ऐकू येत नाही.

श्वासपुराण

वाटलंच होतं. नीट वाचा, आणि यातली एकही गोळी मनाने बंद करू नका. नव्या स्टेंटवर रक्त पातळ ठेवणारी गोळी अचानक थांबली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि तो धोका आपण इथे बोलतोय त्या सगळ्यापेक्षा मोठा आहे.

त्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांपैकी टिकाग्रेलोरने काही जणांना धाप लागल्यासारखं होतं. २००९ साली छापलेल्या त्याच्या मोठ्या चाचणीत जवळपास १४ टक्के लोकांनी ही तक्रार केली, क्लोपिडोग्रेल ही तशीच दुसरी गोळी घेणाऱ्यांत आठाच्या आत. या धापेत श्वासनळी आवळलेली नसते. बसल्या जागी मोठा श्वास घ्यावासा वाटतो, घरघर नसते, आणि निळ्या पंपाने ती जात नाही. मग पेशंट आणखी पफ घेतो. धाप तशीच, धडधड मात्र वाढलेली. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये हेच चित्र आहे.

रॅमिप्रिलने कोरडा, चिवट खोकला येऊ शकतो, त्याला पर्याय असतात. मेटोप्रोलॉलही बीटा ब्लॉकरच, पण ते मुख्यतः बीटा-१ वर काम करतं, त्यामुळे पुष्कळ दमेकऱ्यांना लक्ष ठेवून देता येतं आणि स्टेंटनंतर त्याचा फायदाही असतो. पण दमा आहे हे लिहून देणाऱ्याला माहीत हवं. ॲस्पिरिनने थोड्या दमेकऱ्यांचा दमा उसळतो. त्यांना पूर्वी डोकेदुखीच्या गोळ्यांनी असं कधी झालं होतं का, विचारा.

यापुढे प्रत्यक्ष तपासणी हवी. स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी), ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), पोटॅशियम, जमल्यास थायरॉइड. धडधड सारखी येत असेल तर चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठेवायचा ईसीजी.

मुलुंडची_मृण्मयी

इको कराच. माझ्या बाबांना रात्री झोपेत दोन-अडीचला धाप लागून उठून बसावं लागायचं. छातीत शिट्टी वाजायची. एका नर्सिंग होममध्ये दमा म्हणून वाफ देत राहिले, वाफेनंतर बाबा घामाघूम, ठोके १३० च्या पुढे. पाय सुजायला लागले तेव्हा एका ओळखीच्या सिस्टरने इको करायला लावला. हृदयाचं पंपिंग कमी झालं होतं आणि फुप्फुसात पाणी साठत होतं. त्यांना दमा नव्हताच. हृदयाच्या गोळ्या आणि पाणी उतरवायचं औषध सुरू झाल्यावर दोन उशांवर, मग एका उशीवर झोपायला लागले.

उतारवयात पहिल्यांदाच 'दमा' निघाला, आडवं पडल्यावर वाढतो, पाय सुजतात, तर हृदय तपासून घ्या, एवढंच.

घाटकोपर_घाटी

ठीक आहे, डॉक्टर. बायकोचा निळा पंप महिन्याला एक संपतो. तिला घेऊन जातो.

पण फार्मा कंपन्यांबद्दलचं माझं मत कायम आहे.

लालबागची_सून

काय झालं ते लिहायचं राहिलं होतं. पिशवी घेऊन दोघांकडे गेले. आधी हार्टच्या डॉक्टरांकडे. त्यांनी इको केला, पंपिंग चांगलं आहे. टिकाग्रेलोरच्या जागी त्यांनी स्वतः क्लोपिडोग्रेल दिलं, पहिला डोस कधी आणि किती तेही लिहून दिलं. रॅमिप्रिल बदललं, मेटोप्रोलॉल तेच ठेवलं. साबांनी त्यांना थेट विचारलं, "पंपाने माझं हार्ट वीक होईल का?" ते म्हणाले, "आजी, दम्याच्या अ‍ॅटॅकमध्ये ऑक्सिजन उतरला तर हार्टवर जो ताण येतो, तो पंपाच्या दोन पफने नाही येत. रोजचा पंप चुकवू नका."

चेस्टच्या डॉक्टरांनी पंप घेऊन दाखवायला सांगितला. साबा इतकी वर्षं पंप दाबून मग श्वास ओढत होत्या, अर्धं औषध जिभेवर. आता स्पेसर (पंपाला जोडायचा पोकळ डबा) दिलाय. फोराकोर्ट सुरू, नंतर चूळ. डेरिफायलिन केमिस्टला परत. निळा पंप जवळ ठेवायला सांगितलाय, पण किती वेळा घेतला ते कॅलेंडरवर लिहायचं, दुधाच्या हिशोबाशेजारी.

धाप आठवड्याभरात बरीच उतरली, खोकला अजून थोडा आहे. निळ्या पंपाची खूण या आठवड्यात एकदाच, समोर स्लॅब तोडत होते त्या दिवशी. तेव्हाही थोडं धडधडलं, पण म्हणाल्या, "होतं तसं, जातं पंधरा मिनिटांत." काकू आल्या होत्या. साबांनी त्यांनाच होल्टर म्हणजे काय ते समजावलं.

एक शंका. स्पेसर धुवायचा कसा? साबा तो घासणीने घासून फडक्याने चकचकीत पुसतायत.

परळचा_केमिस्ट

घासणी अजिबात नको, आणि पुसायचाही नाही. फडक्याने पुसलं की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीला चिकटून बसतं, फुप्फुसात कमी जातं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, त्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून उभा करून हवेत वाळू द्या. महिन्यातून एकदा पुरे. चीर पडली किंवा झडप वाकली तर बदला.